मळीवरचं धनुष्य

राहीबाई वाईच्या. तिथल्या मिशनच्या शाळेत शिकल्या, तरुणपणीच नवरा गेला, तेव्हा मिरजेच्या मिशन दवाखान्यात सुईणीचं काम शिकल्या आणि मग सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या गावांतून पायी फिरून बाळंतपणं करू लागल्या. अंगावर पांढरं पातळ, हातात औषधांची पेटी. काम उरकलं की कुणाच्या तरी सोप्यात बसून आपल्या शास्त्रातली एखादी गोष्ट सांगायच्या. पुष्कळजण ऐकता ऐकता पेंगायचे. कोंडीबा कधी पेंगला नाही.

कोंडीबा गावापासून लांब, नदीकाठच्या मळीत, म्हणजे पुराच्या गाळाच्या रानात, एकटा राहायचा. वांगी, दोडका लावायचा. त्याची बायको रंगूबाई फार वर्षांपूर्वी पुरात वाहून गेली होती, प्रेत सापडलंच नव्हतं. त्यामुळे नोहाची गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा हवी असे. जग बुडवणारं पाणी, नोहाचं तारू, पाणी ओसरल्यावर ढगात उमटलेलं धनुष्य, आणि देवाचा करार, की यापुढं सगळी सृष्टी पुरानं बुडवणार नाही.

"पन धनुष्यच का वो बाई?" त्यानं एकदा विचारलं. "फूल न्हाई, दिवा न्हाई."

राहीबाईंनी हे कोडं कधीकाळी हसाजी पेणकरांना विचारलं होतं. हसाजी मिरजेला त्यांच्याबरोबर कंपाउंडर होते, कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे धर्मानं यहुदी. बाई म्हणाल्या, "हसाजीभाऊ सांगायचे, त्यांच्या मूळ भाषेत ह्या धनुष्याला आणि लढाईतल्या धनुष्याला शब्द एकच. देवानं आपलं हत्यार ढगात टांगून ठेवलं. म्हणून त्यांची माणसं ते दिसलं की करार आठवणाऱ्या देवाचं स्तवन करतात आणि नजर खाली घेतात. टक लावून बघायचं नाही. डोळ्यांचं तेज जातं म्हणे."

"आन तुमच्यात?"

"आमच्या शास्त्राच्या शेवटी योहानाला स्वर्गाचं दर्शन होतं. देवाच्या सिंहासनाभोवती धनुष्य, पाचूसारखं हिरवं."

कोंडीबानं विचारलं, "तितं मेलेली मान्सं असत्यात?"

"असतात की," पेटी उचलत बाई सहज बोलून गेल्या.

जगभर चाललेली मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या श्रावणात पूर आला. आमच्याकडं आभाळ मोकळं होतं, ऊन पडलं होतं. पाऊस कोसळत होता तो तिकडं पाटणच्या डोंगरात, आणि ते पाणी इकडं आवाज न करता चढत होतं. सकाळी घाटाच्या पायऱ्या गेल्या, दुपारी मळीतली पिकं. उंदीर, विंचू गावाच्या वाटेनं वर येऊ लागले. राहीबाई एका बाळंतिणीसाठी गावातच होत्या. मळीतल्या बाकी वस्त्यांवरची माणसं होडीनं आणली. कोंडीबा मात्र आला नव्हता.

दिवस कलला तेव्हा नदीच्या अंगाला बारीक सर आली आणि धनुष्य उमटलं. एक नव्हे, दोन, एकावर एक. दोहोंच्या मधला आभाळाचा पट्टा काजळी धरल्यासारखा काळा होता. खालच्या धनुष्याचा पाय बरोबर कोंडीबाच्या छपरावर उतरला होता. काठावर सगळं गाव उभं होतं. एकही कुत्रं भुंकत नव्हतं. छपरावर कोंडीबा गावाकडं पाठ करून बसलेला दिसत होता. हाका मारल्या तरी त्यानं मान वळवली नाही.

राहीबाई धुळा नावाड्याला म्हणाल्या, "होडी काढ."

"न्हाई बाई. धनुष्य पानी पितंय ते. त्या रंगात म्या होडी घालायचो न्हाई."

बाई होडीत जाऊन बसल्या. मग धुळ्याला वल्हं घ्यावंच लागलं.

पुढचं धुळा सांगायचा. होडी जसजशी पुढं जायची तसतसा धनुष्याचा पाय मागं सरकायचा. छपराजवळ पोचले तेव्हा तो घराच्या पलीकडं, उघड्या पाण्यात उभा होता. वल्ह्याचा आवाजही ऐकू येत नव्हता म्हणायचा. पाणी वळचणीला लागलं होतं. कोंडीबाच्या मांडीशेजारी नाग वेटोळं घालून होता, आणि दोघांनाही एकमेकांचं काही नव्हतं.

"मामा, उतरा," बाई म्हणाल्या.

"कशाला? द्येवाचं वचन हाय. तुमीच सांगितलासा." त्यानं बोट वर केलं. "रंगी आलीया. त्या काळ्या पट्ट्यात बगा. मागं लय मान्सं हायती."

धुळ्यानं डोळे होडीच्या तळाकडं लावले. राहीबाईंनी मात्र वर पाहिलं. किती वेळ पाहत होत्या ते त्याला सांगता आलं नाही. होडी भिंतीवर आपटली तेव्हा त्या दचकल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"वचन सगळ्या जगाला आहे, तुमच्या छपराला नाही!" त्या ओरडल्या. "आणि ते धनुष्य देवानं बघायचं, करार आठवायला. नोहाला ते दिसलं तारवातून उतरल्यावर. आधी तो तारवात बसला. बसा!"

"ती हात करतीया, राहीबाय."

बाईंनी त्याचं मनगट धरलं, धुळ्यानं कंबर धरली, आणि दोघांनी त्याला खाली ओढलं. होडी वळली तेवढ्यात मागची भिंत बसली. छप्पर नुसतं पाण्यावर टेकल्यासारखं झालं आणि निघून गेलं. नाग काही अंतर होडीच्या बाजूनं पोहत आला. त्यांनी मागं पाहिलं तेव्हा आभाळात काहीच नव्हतं.

कोंडीबा धुळ्याच्या ओसरीवर राहू लागला. राहीबाईंशी तो बोलेना, त्यांनी आणलेलं खाईना. दिवाळीपर्यंत त्याची नजर मंद झाली, मग गेलीच. बाईंनी त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी डोळे तपासले, पण मोतीबिंदू नाही, जखम नाही, त्यांना कारण सापडेना. तरी बाई फेरीला आल्या की कोमट पाण्यानं त्याचे डोळे पुसायच्या, आणि तो तोंड फिरवून घ्यायचा.

एका दुपारी मात्र त्यानं तोंड फिरवलं नाही. "तुमी बी बगितलं न्हवं?"

बाईंच्या हातातला बोळा थांबला. "हो."

"रंगीला तुमी कवा बगितलं न्हवतं. मग काय दिसलं?"

धुळा दारातच जाळं विणत होता. तो सांगायचा, बाईंनी बोळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "एक बाई दिसली, मामा. ओलं लुगडं. कडेवर मूल होतं."

रंगूबाई वाहून गेली तेव्हा पोटुशी होती. चार दिवसांपूर्वीच तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, आणि कोंडीबानं ते त्या दिवसापर्यंत गावात कुणालाच कळू दिलं नव्हतं.  चाचपत म्हाताऱ्यानं बाईंचा हात धरला.

"पोरगं का पोरगी, बाई?"

"ते मला दिसलं नाही, मामा."

त्या दिवसापासून तो त्यांच्या हातचं खाऊ लागला. पुढच्या उन्हाळ्यात तो वारला. बाई तेव्हा दुसऱ्या गावी एका बाळंतिणीपाशी होत्या, त्यांना निरोप दोन दिवसांनी मिळाला. त्या आल्या, ओसरीवर त्याच्या जागेशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि धुळ्याच्या गरोदर सुनेची नाडी बघायला आत गेल्या.