खात्रीशीर वाघ

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसालच तुम्ही, तुमचं काय जातंय! पण निदान हातातला चहा संपवून घ्या, नाहीतर ठसका लागेल आणि त्याचं खापरही माझ्यावरच फुटेल.

अठ्ठावीस वर्षं मी हायस्कुलात भूगोल शिकवला. भूगोल, बरं का! एवढं ध्यानात ठेवा. रिटायर झालो आणि हिंगणीतच राहिलो. शेती पाहते ती सुनंदा, माझी बायको. पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं तीच. मी काय करतो? मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. म्हणजे होतो.

ग्रुपवर काय यायचं म्हणून सांगू! वामनराव किराणावाल्यांनी एकदा टाकलं की कांद्याचा रस डोळ्यांत घातला की चष्मा सुटतो. मी सगळ्यांसमोर विचारलं, "वामनराव, मग तुमच्या नाकावर काय आहे?" महिनाभर त्यांनी मला साखर देताना तोंड वाकडं केलं.

पण मी ऐकणार थोडाच! दर सोमवारी सकाळी ग्रुपवर नियम टाकायचो: 'खात्री केल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नये.' आणि जे मी स्वतः तपासलेलं असेल त्याच्याखाली एकच शब्द लिहायचो, 'खात्रीशीर'. लोक त्या शब्दाची वाट पाहायचे हो! मास्तरला याहून जास्त काय पाहिजे?

तर दिवाळी होऊन गेली होती. सुनंदाचा कापूस फुटून शेत पांढरंफेक झालं होतं. आणि वर ढग! पाऊस पडला तर सगळा कापूस ओला, पिवळा, मातीत. पाच महिने त्या बाईनं त्या रानात काढले होते. दुसऱ्या दिवशी कौसल्या आपल्या दहा-बारा बायांना घेऊन वेचायला येणार होती.

त्याच दुपारी वर्ध्याहून माझ्या साडूचा व्हिडिओ आला. रस्ता, बाजूला पाणी चमकतंय, आणि मोटारसायकलसमोरून एक वाघ डुलत डुलत पलीकडे जातोय. खाली लिहिलेलं: 'हिंगणी, बोर धरणाजवळ. सावध राहा.'

आता आमच्याकडे वाघ काही नवीन नाही, जंगल शेजारीच आहे. तरी नियम म्हणजे नियम. मी खात्री करायला साडूला फोन लावला.

"खरं आहे का हो हे?"

"अगा भाऊ, तीन ग्रुपवर आला मले! तीन! खोटा असता तं एकावर आला असता."

झाली माझी खात्री! तुम्ही म्हणाल, व्हिडिओ नीट पाहिला का? पाहिला ना! चारदा पाहिला. चारही वेळा वाघच पाहिला. समोर वाघ असताना दुसरीकडे पाहणार कोण? टाकला ग्रुपवर आणि खाली लिहिलं, 'खात्रीशीर'.

संध्याकाळपर्यंत गावात वाघच वाघ! एकाला डरकाळी ऐकू आली, ती त्याच्या चुलत्याचं डिझेल इंजिन निघालं. एकाची बकरी सापडेना, ती वामनरावांच्या दुकानामागे पत्रावळी खात होती. आणि मी? मी शेताच्या कडेला जाऊन आलो, धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाला, ओल्या मातीत पंजाचा ठसा पाहिला आणि आल्या पावली घरी पळालो. पळण्याआधी फोटो मात्र काढला. टाकला ग्रुपवर. 'खात्रीशीर.'

सकाळी आठला बाया आमच्या दारात. वेचायला नाही, सांगायला.

"काकू, आम्ही नाई येत. वाघ तुमच्याच वावरात आहे."

"कोणं सांगतलं तुमाले?" सुनंदा म्हणाली.

"सरांनीच लिवलं ना! खात्रीशीर लिवलं आहे."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षांचा संसार आहे, ती नजर मी ओळखतो. मी पेपरात तोंड घातलं.

"काऊन टाकलं तुम्ही ते?"

"अगं, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आणि माह्या कापसाचा?"

तेवढ्यात फोन वाजला. सेलूच्या एका मित्राचा मेसेज: 'हिंगणीत शिक्षकाच्या शेतात दोन वाघांचा मुक्काम.' मी उड्या मारतच तिला दाखवला. "बघ! आता तर सेलूवरूनही आलं!"

"सेलूवाल्यांले कोणं सांगतलं?"

दुपारी हाच मेसेज आर्वीकडून आला, तेव्हा वाघीण होती आणि तिला तीन पिल्लं झालेली होती. आणि लाज वाटते सांगायला, पण मी तोही खरा मानला! माझाच वाघ पिल्लं घालून माझ्याकडे परत आला आणि मला ओळखू आला नाही.

शेवटी सुनंदानंच वनरक्षकाला बोलावून आणलं. तो पोरगा ठशापाशी उकिडवा बसला, माझ्याकडे बघून हसू दाबत म्हणाला, "सर, वाघ चालताना नखं आत घेते. इथं तं नखं उमटून राह्यले. कुत्रा आहे हा."

"एवढा मोठा?"

तेवढ्यात आमचा मोती शेपूट हलवत आला आणि त्या ठशाशेजारी तस्साच दुसरा ठसा उमटवून बसला. रोज सुनंदाबरोबर शेतात जातो हो तो! वनरक्षक जाताना सांगून गेला, "जंगल जवळ आहे, बायांनी एकटं-दुकटं फिरू नये, आवाज करत जावं. पण हा वाघ नाई."

"आता चला," सुनंदा म्हणाली.

"कुठे?"

"कौसल्याच्या घरी. तुम्ही लिवलं, तुम्हीच पुसा."

कौसल्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. ही माझीच विद्यार्थिनी. सातवीत शाळा सुटली तिची. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "कौसल्या, तो ठसा आमच्या मोतीचा निघाला गं."

"आणि तो व्हिडिओ, सर?"

"तो... तो खरा आहे. तो रस्त्यावरचा आहे."

"दाखवा बरं."

मी फोन पुढे केला. तिनं व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला आणि वाघाला सोडून मागे बोट ठेवलं.

"सर, हे कायचं झाड आहे?"

मी चष्मा पुसला. पाहिलं. मग पुन्हा पुसला.

नारळ! एक नाही, अख्खी रांग! आणि पलीकडे पाण्यात मासे धरायच्या होड्या, आणि गाडीवाल्यानं गुडघ्यावर दुमडलेली लुंगी! हिंगणीत, बोर धरणावर, नारळाची रांग! अहो, अठ्ठावीस वर्षं दर जूनला फळ्यावर नकाशा काढून मीच सांगितलं होतं, नारळ कुठं होतो म्हणून!

"तुम्हीच शिकवलं होतं सर, समुद्राकाठी होते म्हणून," कौसल्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. "मी तं तवाच बायांले म्हटलं, हा आपल्या इकडला नाई. पण बाया म्हणे, सरांनी खात्रीशीर लिवलं आहे. सर कायले खोटं बोलतीन? मंग मलेच वाटलं, आपलेच डोळे चुकले असतीन."

खरं सांगू? वाघानं खाल्लं असतं तर बरं झालं असतं. पोरगी बरोबर पाहत होती, आणि माझ्या एका शब्दापायी तिनं आपल्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला. हा माझा भूगोल!

तिथेच उभं राहून ग्रुपवर लिहिलं: 'व्हिडिओ आपल्या भागातला नाही. ठसा कुत्र्याचा आहे. चूक माझी. खात्रीशीर.'

वाटलं, संपलं. कुठलं संपतंय!

पहिलं उत्तर आलं: 'सरांचा कापूस वेचायचा राह्यला, म्हणून वाघ गायब झाला वाटते.' दुसरं: 'बायांच्या जिवाशी खेळू नका, सर.' कुणीतरी माझाच सोमवारचा नियम उचलून माझ्याखाली चिकटवला. साडूनं तर वर्ध्यावरून कळवलं, 'भाऊ, पाच ग्रुपवर आला आता. तुम्ही एकटे नाई म्हणून राह्यले.' आणि दुसरे ॲडमिन कोण? वामनराव! त्यांनी लिहिलं, 'अफवा पसरवल्याबद्दल काढण्यात येत आहे.' आणि मला माझ्याच ग्रुपमधून काढलं. कांद्याचा रस अखेर माझ्याच डोळ्यांत गेला.

मी हात जोडले. "कौसल्या, आता तूच सांग काय करू."

"मी समजावीन बायांले. पण त्यायच्या मनातली भीती काई मेसेजनं जात नाई. तुम्ही पुढं चालजा ताट वाजवत. आम्ही मागून येतो. वाघ असला तं पहिले तुमाले खाईन."

"चालेल," सुनंदा म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगणीनं काय पाहिलं? पुढे मी, हातात स्टीलचं ताट आणि पळी, ठण्‌ ठण्‌ ठण्‌! मागे मोती. त्याच्यामागे कमरेला फडकी बांधलेल्या बारा बाया, सगळ्यांत शेवटी सुनंदा. दोन दिवस मी कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळींतून ताट बडवत फिरलो. थांबलो की कौसल्या ओरडायची, "सर, आवाज!" वर्गात मी तिला असाच ओरडायचो. पण कापूस निघाला हो! शेवटचं गाठोडं घरात आलं आणि तासाभरात पाऊस कोसळला. सुनंदा ओसरीत उभी राहून तो पाऊस पाहत होती आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात साडूचा व्हिडिओ आला. एक म्हातारा डोक्याला मफलर गुंडाळून पऱ्हाटीत ताट बडवत पळतोय, मागे कुत्रा. खाली लिहिलेलं: 'वाघाच्या धसक्याने डोक्यावर परिणाम. खात्रीशीर.' आणि साडूचा प्रश्न: 'कोण आहे हा येडा? चार ग्रुपवर आला.'

मी घाईघाईनं फोन उलटा ठेवायला गेलो, पण सुनंदानं तो हातातून घेतला. दोन बोटांनी व्हिडिओ मोठा केला. ताट बडवणाऱ्याला सोडून त्याच्या मागचं सगळं शांतपणे पाहिलं, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.

"मागं नारळ तं नाई दिसत कुठं," ती म्हणाली. "मंग हा आपल्याच इकडला आहे."