आठ अक्षरांचा ठेका

आमच्या ऑर्गनमध्ये सोळा ताल कारखान्यातूनच भरून आले होते. वॉल्ट्झ, रुंबा, मार्च, बोसानोव्हा वगैरे. परभणी जिल्ह्यात बोसानोव्हावर कोण नाचणार, हा विचार माझ्या थोरल्या भावाने तो ऑर्गन हैदराबादच्या एका हॉटेलातून जुना विकत घेताना केला नव्हता. वर-खाली पट्ट्यांच्या दोन रांगा, पायाशी लाकडी दांडे आणि कपाटाएवढं वजन. गोधड्यांत गुंडाळलेला तो ऑर्गन परभणी स्टेशनवर चार हमालांनी उतरवला, तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "मालक, मय्यत हाय का काय ह्याच्यात?" भाऊ आठ दिवस त्या वाक्यावर चिडून होता.

भावाचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न, गणपती, गॅदरिंग, जे मिळेल ते. नाव मोठं लक्षण खोटं अशातला प्रकार, पण जिल्ह्यात आमच्यासारखा ऑर्गन आणखी कुणाकडे असल्याचं ऐकिवात नव्हतं आणि तो वाजवणारी बाई तर नव्हतीच. ती बाई मी. लहानपणी पेटी शिकले होते, तेवढ्या भांडवलावर. दिवसा मी स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे आणि क्लासच्या मागच्याच खोलीत आमची तालीम चाले. मी तोंडाने फटकळ होते आणि आपल्याला कुणाची भीती वाटत नाही असा माझा स्वतःबद्दल समज होता. तो समज कसा गेला, ते सांगायला बसले आहे.

ऑर्गनच्या पाठीला दोन गोल भोकं होती, प्रत्येकात पाच पिनांची जागा. भावाला वाटे, ती टेपरेकॉर्डरसाठी असतील. एका मासिकात मी तसल्या भोकांचं चित्र पाहिलं आणि कळलं की तिथून ऑर्गन कॉम्प्युटरला जोडता येतो. क्लासच्या मालकाच्या ओळखीने मुंबईहून एक कार्ड, एक वायर आणि एक फ्लॉपी आली. फ्लॉपीतल्या प्रोग्रामने ऑर्गनचे आवाज घडवता-मोडता येत, नवे ताल भरता येत आणि पडद्यावर सगळ्या तालांची यादी दिसे. जो ताल चालू असेल त्याच्या नावावर उजेड पडे. नाव इंग्रजी अक्षरांत द्यावं लागे आणि आठ अक्षरांपेक्षा मोठं नाव चालत नसे.

भावाने लगेच बोर्ड रंगवून घेतला, 'कॉम्प्युटर ऑर्केस्ट्रा'. क्लासच्या मालकालाही फुकटची जाहिरात हवी होती, म्हणून त्याने एक कॉम्प्युटर कार्यक्रमाला न्यायची परवानगी दिली. आम्ही तो स्टेजवर, पडदा लोकांकडे करून ठेवू लागलो. मी बाजूला बसून मान वाकडी करकरून बघायची. लोक गाणी कमी ऐकत आणि ती हिरवी अक्षरं जास्त बघत. ताल बदलला की भाऊ माइकवरून त्याचं नाव पुकारी.

त्या यादीत आपल्या मातीतला एकही ताल नव्हता. तो आणायला काका लागले.

काका म्हणजे आमचे ढोलकीवाले. पालम तालुक्यातल्या एका खेड्यातले, बौद्ध, वय पन्नाशीच्या आतबाहेर. परभणीत एका गोदामावर कामाला होते आणि लग्नसराईत आमच्याकडे वाजवायचे. त्यांच्याकडे एक ठेका होता, तो मी दुसऱ्या कुणाच्या हातून कधी ऐकला नाही. सहा मात्रांचा, चांगला चालता ठेका, पण त्यातला चौथा ठोका किंचित उशिरा पडायचा. उंबरा ओलांडताना माणूस जरासा थांबतो ना, तेवढाच उशीर.

"ह्यो बापाचा हाय," काका म्हणायचे. "त्यांच्या बोटातून माज्या बोटात उतरला."

एका रविवारी सकाळी मी तो ठेका प्रोग्राममध्ये भरायला बसले. ऑर्गनमध्ये ढोलकीचा आवाज नव्हताच. काँगा नावाच्या परदेशी ढोलाचा आवाज होता, तो खाली उतरवला, त्यावर दुसरा एक टणक आवाज चढवला, तो पुन्हा थोडा कमी केला. काका प्रत्येक वेळी मान हलवत, "न्हाई." दोन तासांनी म्हणाले, "आता शाईवर बोट पडल्यावानी वाटायलंय." मग तो आवाज खालच्या पट्ट्यांवर लावला आणि काका ढोलकी बाजूला ठेवून पट्ट्यांवर बोटं मारू लागले. प्रोग्राममध्ये मागेपुढे पडलेले ठोके सरळ करायची सोय होती. मी मोठ्या शहाणपणाने ती वापरली. काकांनी ऐकलं आणि कान खाजवला.

"ताई, हे पोलिसाच्या परेडीचं झालं. माज्या बापाचं न्हाई ऱ्हायलं."

"का? कुठे चुकलंय?"

"कुठंच चुकलं न्हाई, तेच तर. तो ठोका लय सरळ बसायलाय. त्याला मागं बसू द्या."

माझ्या कॉम्प्युटरला कुणी नावं ठेवली की मला राग येई. तरी मी ठोके त्यांनी मारले होते तसेच ठेवले आणि बटण दाबलं. खोलीत ढोलकी गोधडीवर पडलेली आणि ठेका चालू. काका मागे जाऊन भिंतीला टेकले आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

भावाला फार आनंद झाला. त्याचं कारण मला लगेच कळलं. ठेका यंत्रात आला म्हणजे लहानसहान कार्यक्रमाला ढोलकीवाला नसला तरी भागेल. काकांनाही ते कळलं होतं. भाऊ गेल्यावर ते म्हणाले, "मी नसलो तरी ह्यो वाजल. वाजू द्या. मला त्याचं काई नको. फकस्त त्याला बापाचं नाव घाला."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा बाप गावासाठी हलगी वाजवायचा. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा त्याने हलगी टाकली आणि ढोलकी धरली. हलगी दुसऱ्याच्या हुकमावर वाजवायची असते, ढोलकी आपल्या मर्जीवर, असं तो म्हणे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्यांचं घर जाळलं. माणसं शेतात लपली म्हणून वाचली. ढोलकी घरात होती. म्हातारा त्यानंतर वर्षभरात गेला.

"फोटू एक बी न्हाई," काका म्हणाले. "कागद न्हाई, कायीच न्हाई. आई म्हणती, आपला मानूस व्हता का नव्हता, कुणाला दाखवावं? एवढा ठेका ऱ्हायलाय बगा."

मी नाव टाइप केलं. बरोबर आठ अक्षरं झाली. ते नाव मी इथे लिहीत नाही, लिहायचा अधिकार मला उरलेला नाही. काकांची सातवी झालेली. त्यांनी एकेक अक्षर बोटाने लावून वाचलं, विडीच्या बंडलाच्या कागदावर उतरवून घेतलं आणि कागद खिशात ठेवला. मी म्हणाले, "काका, आता हे नाव कुणी पुसत नाही." हे वाक्य माझं आहे. मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

परभणीतल्या तीन-चार कार्यक्रमांत ते नाव पडद्यावर लागलं, भावाने पुकारलं, कुणी काही विचारलं नाही. शहरात कोण कुणाला ओळखतो? मग जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. सोळा वर्षं ज्या नावासाठी माणसांनी मार खाल्ला, घरं गमावली, जीव दिले, ते अखेर लागलं. त्या उन्हाळ्यात गावोगाव वरवर सगळं शांत होतं, फक्त बोलता बोलता लोक आवाज खाली आणायचे. त्यातच आम्हांला पालममध्ये एका जमीनदार घरचं लग्न मिळालं. गोरज मुहूर्त. चार वाजल्यापासून वाजवायचं.

जाताना जीपमध्ये काका म्हणाले, "ताई, आई यायलीय आज. गाव जवळच हाय, यष्टीनं यील. तिला नाव दाखवायचंय." त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी म्हणाले, "वा, मग आजींना पुढेच बसवू."

मांडवात मी कॉम्प्युटर मांडत होते, तेव्हा वरपक्षाची तीन माणसं खुर्च्या ओढून जवळ बसली. चांगली, हसतमुख माणसं. त्यांनी मला सरबत मागवलं. पंखा माझ्याकडे फिरवला. मग त्यांचं आपसांत बोलणं सुरू झालं. "नाव बदलून कुनाचं पोट भरायलंय?" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "नावानं सुरुवात व्हती. मग डोक्यावर बसत्यात." तिसरा नुसता हसला आणि मला म्हणाला, "बाई, आमाला बी दाखवा की तुमच्या कॉम्प्युटरमधी काय काय नावं हायत."

"चालू झाल्यावर दाखवते," मी म्हणाले.

बास, एवढंच घडलं. मला कुणी धमकावलं नाही. भावाने काही सुचवलं नाही, तो तर जेवायला गेला होता. काका मांडवामागे जीपच्या सावलीत पत्रावळ घेऊन एकटे बसले होते. तिथे बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, जागा त्यांनीच निवडली होती. ते मी पाहिलं आणि यादीतल्या त्या नावाकडे वळून बघितलं. शेजारच्याच गावातलं नाव. कुणीतरी ओळखणारच. मग कार्यक्रम मोडतील, कॉम्प्युटर फोडतील, भावाला धरतील, मी बाईमाणूस कुठे पळू? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो मी त्या दिवशी समोर बघितला आणि तो सरबत पीत बसला होता.

मी प्रोग्राममधून बाहेर आले. नाव बदलायची आज्ञा तीन अक्षरी असते. तिच्यापुढे जुनं नाव, मग नवं नाव, मग एंटर. नवं काय द्यायचं ते मी ठरवलं नव्हतं. क्लासमधल्या माझ्या सगळ्या फाइलींना मी माझंच नाव देत असे. बोटांनी सवयीने तेच मारलं. ज्या कामाला मराठवाड्यात सोळा वर्षं लागली, ते मी उलट्या दिशेने दोन सेकंदांत केलं.

काकांना सांगायला हवं होतं. गडबडीत राहून गेलं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. गडबड नव्हती. ते हात धुऊन माझ्यासमोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मी वायरी तपासत होते.

साडेचारला भावाने माइक घेतला. चार-पाच गाणी झाली आणि तो ठेका लागला. पडद्यावर माझ्या नावावर उजेड पडला. भावाने वाचलं, जरा चमकला, पण माइक हातात असलेला माणूस थांबतो थोडाच? "आणि हा ठेका आमच्या भगिनींनी स्वतः कॉम्प्युटरवर तयार केलेला," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. सरबतवाले तिघेही टाळ्या वाजवत होते. मी मान लववली. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण तोवर मी दुसऱ्यांसाठी ढिगाने वापरली होती.

ठेका यंत्रातून वाजत असला की काकांना काम नसे. ते स्टेजवरून उतरून मांडवाच्या कडेला गेले होते. तिथे बांबूला धरून एक बुटकी म्हातारी उभी होती, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. पहिलं आवर्तन झालं तशी तिने झटकन मान वर केली. तिने तो उशिरा पडणारा ठोका ओळखला होता. तिने काकांना काहीतरी विचारलं. काका पडद्याकडे बघत होते. ती आठ अक्षरं त्यांना पाठ होती, तेव्हा ही ती नव्हेत हे कळायला त्यांना वेळ लागला नसणार. तरी ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

त्यांनी आईचा हात धरला आणि पडद्याकडे बोट केलं. गाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते, पण ओठ दिसत होते. त्ये बग आई, बाबाचं नाव.

म्हातारीला अक्षरओळख नव्हती. तिने चपला काढल्या आणि माझ्या नावाला हात जोडले.

ठेका संपेपर्यंत ती तशीच उभी होती. मी वाजवत होते, बोटं आपली चालू होती. दोन्ही हात पट्ट्यांवर अडकलेले, तोंड लपवायचीही सोय नव्हती. कार्यक्रम आटोपल्यावर ती आपणहून स्टेजजवळ आली. माझ्या गालांवरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "माय, तू म्हाताऱ्याचं नाव लावलंस. एवढ्या लोकांत. बाईची जात, पर भ्याली न्हाईस." मी फटकळ बाई. मला "हो आजी" एवढंच बोलता आलं. काका शेजारी ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते, त्यांनी मान वर केली नाही.

परतताना जीपमध्ये काकांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे सबबी तयार होत्या. त्या कुणी न मागितल्यामुळे अजून माझ्याकडेच पडून आहेत.

सोमवारी क्लास उघडल्याबरोबर मी ते नाव परत घातलं. तेवढाच वेळ लागला. काकांना निरोप धाडला. दुपारी ते गोदामावरून आले आणि दारातच थांबले. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"काका, माझं चुकलं. मी भ्याले. हे बघा, नाव परत घातलंय. आजींना एकदा इकडे घेऊन या, मी त्यांना नीट दाखवते."

काकांनी पडद्याकडे पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "आईनं बगितलंय."