वरातीच्या गाडीतला टेप

माझा नवरा गाडीचं दारसुद्धा कधी आपटायचा नाही. दोन बोटांनी लोटायचा आणि खटकन लागलं की समाधानानं मान हलवायचा. मला मात्र मारायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी तोंडावर पदर धरून 'अगं बाई' करायला नको. आणि मी त्याला 'तो' म्हणतेय, तेही ऐकून घ्या. तेव्हा 'अहो' आणि 'हे' करत होते, आता माझी जीभ तशी वळत नाही.

गाडी विलायती, अवाढव्य, माझ्या जन्माच्या आधीची. कुणा जहागीरदाराच्या घरातून लिलावात निघालेली ती त्यानं घेतली आणि वरातीला भाड्यानं द्यायला लागला. सोलापुरात लग्न म्हटलं की नवरा-नवरीला अशी गाडी लागायचीच. भवानी पेठेत आमच्या दोन खोल्यांच्या दारात ती उभी राहिली की बाजूनं सायकल जेमतेम जायची. गल्लीत घरोघरी माग, दिवसभर खटखट चाललेली. लोक म्हणायचे, तुझं बरं हाय बाई, दारात मोटार हाय. मी हसायची.

त्या गाडीत जुना रेडिओ होता, काचेच्या व्हॉल्व्हचा. मला मारायचं मनात आलं की तो आधी बाहेर जायचा, गाडीत बसून रेडिओ लावायचा, आवाज पूर्ण वाढवायचा आणि मग घरात येऊन कडी घालायचा. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून. मागांची खटखट आणि वर गाणी, म्हणजे काम झालं. माणूस मोठा व्यवस्थित होता, रागसुद्धा त्याला बेतानं यायचा.

पण व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच वाजत नाही. खटका दाबला की आधी पिवळा दिवा लागायचा, मग नुसती घरघर, आणि व्हॉल्व्ह तापले की मग कुठं गाणं. गाणं लागल्याशिवाय तो गाडीतून उतरायचा नाही. तेवढा वेळ माझा असायचा. खिडकीतून तो पिवळा दिवा दिसला की मी माझ्या लेकीला मागच्या दारानं बोळात सोडायची. मारुतीच्या पारावर जाऊन बस आणि मी हाक मारल्याशिवाय येऊ नको, असं तिला सांगून ठेवलेलं. चार वर्षांची पोर, पण कधी चुकली नाही. मग मी हातातल्या बांगड्या उतरवून कोनाड्यात ठेवायची, कारण एकदा काच मनगटात घुसून पिकली होती. सवाष्णीनं बांगड्या उतरवू नयेत म्हणतात. म्हणू देत.

मला स्वतःसाठी काही नको होतं. आईबाप नव्हते, दुधनीला एक भाऊ होता आणि त्याचंच धड नव्हतं. मार खायची सवय होते, खोटं कशाला बोलू. फक्त माझ्या लेकीला त्यातलं काही दिसू नये आणि लागू नये, एवढ्यासाठी मी त्या रेडिओकडे डोळे लावून बसायची. दुपारी रेडिओ केंद्र बंद असायचं, तेवढे तास मी बिनघोर असायची. एकदा तर गाण्यांऐवजी शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. कपाशीवरच्या अळीला कुठलं औषध मारायचं ते सगळं ऐकत मी त्या दिवशी लाथा खाल्ल्या.

भिंतीला भिंत लागून अक्का राहायची. तेलुगू विणकराची बायको, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, मनानं मोकळी. मला कन्नड यायचं, तिला तेलुगू, आणि मधे आमचं दोघींचं सोलापुरी मराठी. गाल सुजलेला दिसला की ती विचारायची, काय गं झालं? दात दुखतोय म्हणून मी सांगायची. ती घरात जाऊन लवंग आणून द्यायची आणि दाढेखाली धर म्हणायची.

आणीबाणी उठल्यानंतरच्या लग्नसराईत गिऱ्हाइकं विचारायला लागली, गाडीत टेप हाय का? दुसऱ्या एका वरातवाल्यानं बसवला होता. नवऱ्याचं डोकं फिरलं. मुंबईला जाऊन तो दुबईचा माल म्हणून एक कॅसेटचा टेप घेऊन आला आणि बसवायला मिस्त्री बोलावला. दिवसभर काम चाललं. जुन्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची आणि टेपला लागणार बारा. म्हणून बॅटरी बदलली, दिवे बदलले, हॉर्न बदलला. मागच्या सीटमागची फळी कापून त्यात दोन मोठे स्पीकर बसवले. जुना रेडिओ बाहेर निघाला तो लोखंडी पेटीसारखा जड होता. नवरा सारखा मिस्त्रीला सांगत होता, सावकाश, ओरखडा उठला नाय पाहिजे.

चहा द्यायला गेले तेव्हा मी म्हणून बघितलं, जुना राहू द्या की, त्याचा आवाज गोड आहे. नवरा हसला. मिस्त्री बिचारा मला समजावून सांगायला लागला की वहिनी, आता तापायची भानगड नाही. आणि त्यानं बटण दाबलं. दिवा नाही, घरघर नाही, बोट लागलं न लागलं तोच गाणं गल्लीभर. पोरं नाचायला लागली. मी कपबश्या उचलून घरात आले.

त्यानंतर वेळ-काळ राहिला नाही. भर दुपारी सुद्धा टेप वाजायला लागला. गाणं ऐकू येईपर्यंत तो दारात आलेला असायचा. लेकीला ढकलायची सवड नाही, बांगड्या उतरवायची सवड नाही. एकदा मी कॅसेटमधली फीत ओढून तिचा गुंता करून टाकला. त्यानं नवी कॅसेट आणली आणि तीच लावून मला मारलं.

मग एका दुपारी त्यानं मला तांब्या फेकून मारला आणि माझी लेक मधे आली. भुवईच्या वर फुटलं. रक्तानं तिचा डोळा मिटून गेला. त्यानंच तिला उचलून गाडीत घातलं, पण आधी सीटवर गोणपाट अंथरलं. डाग पडू नये म्हणून. डॉक्टरला त्यानं सांगितलं, पायरीवरून पडली. टाके पडताना पोर रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्या रात्रीपासून मी सुरी उशाखाली घेऊन झोपायला लागले. त्याला मारून टाकावं असं मला रोज वाटायचं. अगदी रोज.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या गल्लीत एकही माग चालत नाही. धोटा, फणी सगळं धुऊन-पुसून हळदीकुंकू लावतात, मागाला झेंडूचा हार घालतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावत नाहीत. एरवी खटखटीनं कान किटलेले, त्या दिवशी गल्लीत भांडं पडलं तरी दहा घरं ऐकू जायचं. आमच्याकडं गाडीची पूजा. नवऱ्यानं पहाटे उठून गाडी न्हाऊ घातली. नट आवळायचे पाने, जॅक, पट्टा पाटावर मांडले. चाकाखाली लिंबू ठेवलं. टेपलासुद्धा पाच बोटं हळदीकुंकवाची ओढली आणि वर झेंडूचं फूल चिकटवलं. मग चाकापुढं नारळ फोडला आणि नारळ नासका निघाला.

वास आला. त्यानं वाट्या उलटून बघितल्या. मग मला विचारलं, नारळ कुणी निवडला? मीच बाजारातून आणला होता, हलवून, वाजवून. मी तसं सांगितलं. तो सवयीनं गाडीकडं गेला, दार उघडलं, आत वाकला. मी खिडकीतून बघत होते. त्याचं बोट टेपच्या बटणापाशी गेलं आणि थांबलं. पूजलेल्या वस्तूला हात कसा लावायचा? त्यानं बोट मागं घेतलं, टेपला नमस्कार केला, दोन बोटांनी दार लोटलं आणि घरात येऊन कडी घातली.

लेक पाटावर बसून शिरा खात होती. त्यानं तिला बाजूला केलं आणि तो पाटच उचलला. पहिला तडाखा माझ्या खांद्यावर बसला, दुसरा कमरेत. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त तोंडात येईपर्यंत सोडलं नाही. त्यानं माझं डोकं धरून चौकटीवर आपटलं. लेक कोपऱ्यात कान झाकून बसली. आणि मी ओरडले. आजवर ओरडले नव्हते असं नाही, पण गाण्यात ते माझं मलाच ऐकू यायचं नाही. त्या दिवशी मला माझा आवाज ऐकू आला आणि मी थांबलेच नाही. शिव्या दिल्या, कन्नडमध्ये दिल्या, मराठीत दिल्या, माझ्या मेलेल्या आईला हाका मारल्या.

दारावर धक्के बसायला लागले. कडी तुटली. सगळ्यांत पुढं अक्का होती, मागं तिचा नवरा आणि गल्लीतले विणकर, नवे कपडे घातलेले. अक्कानं हातातली परात त्याच्या डोक्यात घातली. बाकीच्यांनी त्याला ओढत बाहेर नेला आणि गाडीपुढं घालून तुडवला. लाथा, बुक्क्या, चप्पल, मिळेल ते. गाडीचा एक दिवा त्यात फुटला. मार खातानासुद्धा तो 'गाडी, गाडी' म्हणत होता. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. अजून दोन लाथा घाला म्हणून मी दारातून सांगत होते.

मग अक्कानं मला ओट्यावर बसवलं, डोक्याला ओला पदर लावला. लेक येऊन मला चिकटली. मी अक्काचे दोन्ही हात धरले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी म्हटलं, "अक्का, आज तुम्हाला ऐकू गेलं म्हणून आम्ही मायलेकी वाचलो."

ती माझ्या डोक्यातलं रक्त पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "ऐकू तर रोजच यायचं गं. गाणं लागलं की आमी दार लावून घ्यायचो. आज गाणंच लागलं न्हाई, मग काय करनार?"

मी तिच्या कानाखाली ओढली. सगळ्यांदेखत, हात सणसणेपर्यंत. विणकर माझ्या नवऱ्याला मारायचे थांबले आणि आमच्याकडं बघायला लागले. तिचा नवरा पुढं आला, तर तिनं त्याला हातानं मागं सारलं. मग ती आमच्या घरात गेली, माझ्या लेकीच्या चपला शोधून आणल्या, खाली बसून तिच्या पायांत घातल्या आणि म्हणाली, "चल. स्टँडपर्यंत येते."

भावाच्या गावची, दुधनीची एसटी लागलेली होती. अक्कानं लेकीला उचलून माझ्या मांडीवर दिलं आणि ती खिडकीखाली येऊन उभी राहिली. तिच्या गालावर माझी बोटं उठली होती. गाडी सुटेपर्यंत ती तिथंच होती. मी खाली बघितलं नाही.