शेवग्याच्या शेंगा आणि आपली माणसं

गेल्या वर्षी धाकट्या भावाकडे परदेशात महिनाभर राहून आले. तिथं बेळगाव-निपाणीकडच्या लोकांचं एक मंडळ आहे. दर रविवारी जमतात आणि आपल्या माणसांनी एकमेकांना धरून राहायला पाहिजे, असं एकमेकांना ऐकवतात.

एका सकाळी भाऊ हळूच म्हणाला, "आक्का, सुपरमार्केटात भारतातनं शेवगा आलाय. कुणाला बोलू नको."

दोघं जाऊन बघतो तर मंडळाचा अध्यक्ष आधीच तिथं. त्याच्या ट्रॉलीत पावाच्या पाकिटांखालून शेंगांची टोकं बाहेर आलेली.

"दूध न्यायला आलतो," तो म्हणाला.

"मीपण," भाऊ म्हणाला. चांगल्या नोकऱ्यांतली माणसं दोघं, आणि तोंडं चोरांसारखी. अध्यक्ष वळताच भावानं उरलेल्या सगळ्या शेंगा उचलल्या.

उन्हाळ्यात भाऊ गावाकडं, बोरगावला आला. परसातल्या झाडाच्या शेंगा आईनं नेहमीसारख्या गल्लीत वाटायला काढल्या होत्या. माझ्या हातात मोबाईल देऊन हा त्या ढिगाशेजारी बसला. फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमच्यात वाटून खायची पद्धत हाय."

पहिला अंगठा अध्यक्षाचा आला.