जाळीवरची माळ

पिकअपची चावी गोजराबाईंच्या कमरेला असायची. रोज सकाळी सून हात पुढे करी आणि सासू ती चावी तिच्या तळहातावर न ठेवता ओट्यावर ठेवी. गाडी चौदा वर्षांची, एक दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. पण चावीचा मान तिजोरीचा.

सुनेचं नाव रूपाली. मखमलाबादला त्यांचा दोन एकरांचा फुलमळा, झेंडू, शेवंती आणि विहिरीकडेला मोगरा. गाडी आधी सासरे चालवायचे, चिमाजी. थोरला मुलगा ज्ञानेश कंपनीत पाळ्या करणारा, धाकटा अमित सकाळी दहाला उठणारा. चिमाजींचे गुडघे धरले तेव्हा त्यांनी सुनेलाच मळ्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली. गोजराबाईंना ते कळेपर्यंत रूपाली पंचवटीच्या फुलबाजारात जाऊन परतही आली होती. "मला इचारलं का कुणी?" असं त्या तेव्हा म्हणाल्या. चिमाजींना जाऊन दोन वर्षं झाली, प्रश्न अजून जागेवरच होता.

वणीची गिऱ्हाइकं मात्र रूपालीनं स्वतः जोडली. चैत्रात गडावर यात्रा भरते आणि वणीच्या दुकानदारांना दुपारी दोनच्या आत मोगरा लागतो. झेंडू मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली जातो. मोगरा जातो केबिनमध्ये, शेजारच्या सीटवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या टोपल्यांतून. काचा वर. उन्हाचा वारा लागला की कळी दिंडोरीलाच उमलते आणि वणीला पोचेस्तोवर तिच्या कडा तांबूस पडतात. मग दुकानदार टोपलीत बोट फिरवतो आणि तोंड फिरवतो.

म्हणजे एसी हवाच. आणि यंदा नेमका तोच गरम हवा टाकायला लागला. दोनदा शहरात गॅस भरून आणला. दोन दिवस गार, तिसऱ्या दिवशी पुन्हा चुलीसमोर बसल्यासारखं. आठवड्यापूर्वी दिंडोरीच्या पुढे रूपालीला भोवळ आली. गाडी रस्ता सोडून मातीत उतरली आणि आपोआप बंद पडली. कुणाला लागलं नाही, पण बातमी तिच्याआधी घरी पोचली.

"पुन्यांदा भोवळ आली, की चावी अमितकडं," गोजराबाईंनी अंगणात सगळ्यांदेखत जाहीर केलं.

"वहिनी, तुम्ही आपलं घरी गजरे वळा," अमित म्हणाला. "वणीची गिऱ्हाइकं मी बघतो."

"पहिल्यांदा सकाळ बघा, भाऊजी," रूपाली म्हणाली. "गिऱ्हाइकं नंतर."

दुसऱ्याच दिवशी तिनं वाटेत दिंडोरीला निवृत्तीच्या गॅरेजवर गाडी लावली. निवृत्तीनं एसीच्या झरोक्यापुढे हात धरला, बॉनेट उघडलं, मग गाडीच्या तोंडासमोर येऊन थांबला.

"ताई, हे कुणाचं काम?"

पुढच्या जाळीवर मनगटाएवढ्या जाडीच्या झेंडूच्या माळा होत्या, एकावर एक. गाडी घरी आली त्या दिवसापासून गोजराबाई रोज सकाळी स्वतः माळ बांधायच्या. कालची उतरवायची नाही, आजची वर चढवायची. सगळ्या एकदम उतरायच्या त्या शुक्रवारी, नदीत सोडायला.

निवृत्तीनं माळा बाजूला सारून मोबाइलचा उजेड आत टाकला. रेडिएटरच्या पुढे एसीची बारीक पात्यांची चौकट असते. ती दिसतच नव्हती. वाळक्या पाकळ्यांचा तपकिरी थर तिच्यावर गोधडीसारखा बसला होता.

"गॅसची उष्णता इथून बाहेर पडते. वारा लागला तर. तुमच्या गाडीचं नाकच चोंदलंय. त्यात गॅस गरजेपेक्षा जास्त भरलाय, म्हणून आणखी तापतंय. तासाभराचं काम आहे. पण जाळीवर पुन्हा माळ नको."

रूपालीनं क्षणभर विचार केला. आज गुपचूप धुऊन घेतलं, तर उद्या सकाळी माळ पुन्हा जागेवर. "उद्या येते," ती म्हणाली. "साक्षीदार घेऊन."

त्या दिवशी ती काचा खाली करून गेली आणि अर्धा मोगरा परत आला. संध्याकाळी तिनं निवृत्तीचं म्हणणं घरी सांगितलं.

"माळेनं गाडी तापती?" गोजराबाई कडाडल्या. "तुझ्या सासऱ्यानं ह्याच माळेनं गाडी चालवली जन्मभर."

"काचा उघड्या ठेवून. मामांच्या गाडीत मोगरा नव्हता."

"देवाची माळ खुपती व्हय तुला?"

"उद्या तुम्ही बसा माझ्याशेजारी, आत्याबाई. काचा बंद, माळ जाग्यावर. वणीपर्यंत."

"बसते. मी काय मेणाची हाय?"

अमित हसला. "वहिनी, संध्याकाळी परत आलात की चावी थेट माझ्याकडं द्या."

सकाळी गोजराबाई नव्या लुगड्यात, एक मोगऱ्याची टोपली मांडीवर आणि बाकीच्या पायाशी घेऊन बसल्या. मुद्दाम रोजच्यापेक्षा जाड माळ बांधली होती. शहराच्या बाहेर पडेपर्यंत त्यांच्या कपाळावरचं कुंकू पाघळायला लागलं.

"गरम होतंय?"

"नाय."

"काच खाली करू?"

"मोगरा तुझा हाय. माझा नाय."

रूपालीची पाठ सीटला चिकटली होती, डोळ्यांपुढे रस्ता पाण्यासारखा हलत होता. आता भोवळ आली तर शेजारी बसलेली बाई ती जन्मभर सांगेल. तिनं ओठ दातांखाली धरला, पहिल्या गिअरवर गाडी आणली, आणि निवृत्तीच्या पत्र्याखाली नेऊन उभी केली.

निवृत्तीनं जाळी खोलली. जादा गॅस काढून घेतला. मग मागच्या बाजूनं हळू पाण्याची धार सोडली. जोर लावला तर पाती वाकतात, म्हणाला. चहाचा चोथा पडावा तसा पाकळ्यांचा लगदा खाली पडत राहिला, आणि त्यात हिरव्या लोकरीचे तुकडे. गोजराबाई माळा हिरव्या लोकरीतच ओवायच्या. पंचक्रोशीत दुसरं कुणी ओवत नव्हतं.

त्यांनी लगद्याकडे पाहिलं. "आपली लोकर नाय ही."

"असं कसं, मावशी," निवृत्ती म्हणाला, आणि रूपालीच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा धार सोडायला लागला.

वणीच्या रस्त्याला लागल्यावर पाच मिनिटांत झरोक्यातून बोचरी हवा सुटली. गोजराबाईंनी पदर कानांवरून ओढून घेतला.

"बंद कर ते. दात वाजत्यात माझे."

"मोगऱ्याला लागतं, आत्याबाई."

"तुझा मोगरा!"

वणीत दुकानदारानं टोपलीत बोट फिरवलं. कळ्या मिटलेल्या, पांढऱ्याशुभ्र. त्यानं सगळ्या टोपल्या ठेवून घेतल्या.

संध्याकाळी अमित अंगणात उभा होता. "काय वहिनी, आली का भोवळ?" म्हणत त्यानं चावीसाठी हात पुढे केला.

गोजराबाईंनी रूपालीच्या हातून चावी घेतली आणि कमरेला खोचली. "तू लांब हो रे. तिलाच मरू दे त्या गारठ्यात."

दुसऱ्या सकाळी त्या माळ घेऊन बाहेर आल्या. रूपाली दारातून बघत होती. सासू जाळीपाशी थांबली, जाळीला हळदकुंकवाचं बोट लावलं, वळसा घालून मागे गेली आणि माळ हौद्याच्या मागच्या फळीला बांधली. गाठ मारताना कुणाला तरी शिव्या देत होती, बहुतेक निवृत्तीला.

मग आत येऊन चावी ठेवली. ओट्यावरच.