म्हाताऱ्या गळ्यापासून सुरुवात

आमच्या गडब गावच्या बँजो पार्टीत मी बँजो वाजवतो. हळदी असोत की गणपतीच्या मिरवणुका, आम्ही असतोच. पोटापाण्याची नोकरी रोह्याच्या कंपनीत. तिथले लॅबमधले एक सर एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, तुझा बँजो बटणांचा, अमेरिकेतल्या खेड्यांतला वेगळा असतो, डफासारखा गोल, वर कातडं ताणलेला. मग सत्तरी ओलांडलेल्या एका गायकाची गाणी त्यांनी माझ्या मोबाइलवर लावून दिली. तिकडे त्या गाण्यांना कंट्री म्हणतात, आणि त्यातल्याच नुसत्या तारवाद्यांच्या धावत्या प्रकाराला ब्लूग्रास. जुन्या गाजलेल्या गाण्यांपासून सुरुवात कर, असं त्यांनी सांगितलं.

तशी केली. कंपनीच्या बसमध्ये रोज ऐकायचो. बँजो जबरदस्त होता, पण गाणी सगळी एकसारखीच वाटायची आणि नागोठण्याच्या पुढे माझा डोळा लागायचा. शेवटी नाद सोडला.

एका रविवारी दुपारी मी बँजोच्या तारा बदलत होतो आणि आई शेजारी वाल सोलत बसली होती. मोबाइलवर आपोआप त्याच गायकाचं अगदी अलीकडचं गाणं लागलं. संथ, सोबतीला फक्त गिटार. आवाज पार खरखरीत झालेला.

आई आमच्या भागातली धवलारीण, म्हणजे लग्नविधींत गाणी म्हणणारी. पण दम लागतो म्हणून अलीकडे ती बोलावणी परत पाठवायची. तिचे हात थांबले.

"म्हातारा हाय का रे ह्यो?"

"व्हय."

"दम पुरत नाय त्याला. म्हणून ओळ मधीच तोडतो. पण लाजत नाय. परत लाव."

मी परत लावलं, आणि मलाही पहिल्यांदाच तो माणूस ऐकू आला. तिथून मी उलटा गेलो, आत्ताच्या गाण्यांकडून मागच्या गाण्यांकडे. गळा तरुण होत गेला, तारा पळू लागल्या, आणि ज्या गाण्यांनी मला झोप यायची त्यांवर माझी बोटं आपोआप ताल धरू लागली. कुणी विचारलं तर मी आता बेधडक सांगतो, या गायकाला शेवटाकडूनच ऐका.

त्या मोसमात रामवाडीच्या मावशीकडे लग्न निघालं. आईने या खेपेला नाही म्हटलं नाही. मांडवात मी मोठा स्पीकर बंद ठेवायला लावला आणि तिच्यामागे हलक्या हाताने वाजवत राहिलो. तिने ओळ मध्येच तोडली, श्वास घेतला, पुढची उचलली. बायकांना वाटलं, चाल अशीच आहे. त्याही तिथेच थांबू लागल्या. विधी उरकला तेव्हा मावशी म्हणाली, "आता धाकटीच्या लग्नाला पण तूच ये गो."

आई म्हणाली, "येन की."