उकळलेले परागकण

देवासच्या कॉलेजात निळ्या प्रकाशाचा मायक्रोस्कोप एकच होता, आमच्या सरांकडे. एम.फिल.ची तोंडी परीक्षा नीट पार पडली तर पुढे शीक, नाहीतर खातेगांवचं स्थळ, असं बाबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

काम सदाफुलीच्या परागकणांचं. रंग अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचा, साखरेच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा आणि त्यात कण टाकायचे. हा रंग बाहेर असेपर्यंत चमकतच नाही. जिवंत पेशी त्याला आत घेऊन फोडते, मग तो हिरवा उजळतो आणि आतच अडकतो. मेलेलीला हे जमत नाही. म्हणून शेजारी उकळलेले कण ठेवायचे, ते काळेच राहिले पाहिजेत.

बाहेरगावच्या परीक्षकांना नेमकी खंडेनवमीच सापडली. सरांचे पूर्वज धारच्या दरबारी शस्त्रागार सांभाळायचे, त्यामुळे त्या दिवशी पूजेशिवाय मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही. सरांनी सढळ हाताने हळद-कुंकू वाहिलं आणि तसेच रंग करायला बसले. रंग ते कुणाला शिवू देत नसत. अ‍ॅसिटोनच्या नळीच्या तोंडावर पिवळा अंगठा दाबून त्यांनी ती खळखळून हलवली.

"सर, हळदसुद्धा त्या प्रकाशात चमकते," मी म्हटलं.

"आता तू मला शिकवणार?"

उकळलेले कण दिवाळीसारखे उजळले.

परीक्षक म्हणाले, "ये तो मुर्दे भी ज़िंदा हैं! रंग का घोल किसने बनाया?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. वर हसून म्हणाले, "लड़की का ध्यान शादी में है, साहब." परीक्षकही हसले. रागाने माझी कानशिलं तापली.

परीक्षक इंदूरच्या बसने गेले. मी हात धुवून नवा रंग केला, नवे कण उकळले. काळेठिक्कर! सरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं, मग स्लाइड उचलून बेसिनमध्ये टाकली आणि दिवा बंद केला.

"निकाल गेला. उगाच वीज जाळू नकोस."

बाबा शब्दाचे पक्के. लग्नात सरांनी श्रीखंड मागून मागून खाल्लं आणि बाबांना म्हणाले, "पोर गुणाची, फक्त हाताला शिस्त नाही." मला त्यांच्या पाया पडावं लागलं. त्याचा संताप अजून जात नाही.

पुढे लोहारद्याला एका मुंजीत माझ्या जागी आलेली मुलगी भेटली. सर कसे आहेत, विचारलं.

"फार कडक हो, ताई. रंगाला शिवण्याआधी साबणाने हात धुवायला लावतात. म्हणतात, हळदीचा कण जरी गेला, तरी मेलेले जिवंत दिसतात."